दत्तोपंत मास्तरांची बैलगाडी

"सगळ्यांनाच असं वाटतं," असं दत्तोपंत मास्तर म्हणाले, की त्या सगळ्यांत तीन माणसं धरायची: ते स्वतः आणि संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर चहाला येणारे दोन वकील. काकू चहा देऊन आत जात, त्यांची गणती नसे. मी त्यांच्याच हाताखाली बेळगावच्या शाळेत शिकवायचो.

त्या वर्षी हिंडलग्याचा तुरुंग सत्याग्रहींनी भरला होता आणि मास्तर मनुष्याच्या मनावर ग्रंथ लिहीत होते. न शिकवता माणसाला काय कळतं, हा विषय. बारा वर्षं चाललं होतं ते! ग्रंथ छापून निघाला की कॉलेजात तर्कशास्त्राची जागा त्यांचीच, असा शब्द मिळाला होता. सगळ्या ग्रंथाचा पाया एक बैलगाडी. आज तिचं चाक बदललं, उद्या जू, परवा साटा. जुनं लाकूड औषधालाही उरलं नाही. तर गाडी तीच की नवी?

"नवी! शेंबडं पोरसुद्धा सांगेल," मास्तर म्हणत. वकील माना डोलवत. दोघांच्याही दारात गाडी नव्हती.

पहिले फर्मे छापायला गेले तेव्हा मला राहवेना. "मास्तर, गाडीवाल्याला विचारलंय का कधी?" माझी धाकटी बहीण गंगू बेळगुंदीला गाडी-बैल असलेल्या घरात दिलेली. रविवारी मास्तरांना तिच्याकडे घेऊन गेलो. ती जोंधळे पाखडत होती. मास्तरांनी तिला गाडीचं कोडं सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

"तीच की वो मास्तर," गंगू म्हणाली. "नवी गाडी केली तर सुताराला धोतर-नारळ द्याय लागतंय. आमी धोतर कुठं दिलं?"

"आणि दिलं असतं तर?"

"मग नवी!"

चार घरं फिरलो, चारी घरी धोतरच निघालं. एक म्हातारा तेवढा मास्तरांच्या कानाशी लागला, "नवीच हाय वो. पर सुताराला सांगू नगा."

संध्याकाळी मास्तरांनी हे सगळं वकिलांना सांगितलं. ओसरीवर वकील म्हणाले, "अडाण्यांचं काय मनावर घेता? छापा." खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणालो. जागा हातची जाणार होती ना!

"अरे, बारा वर्षं मी माझंच मन तपासलं आणि नाव माणसाचं दिलं," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी छपाई थांबवली. जागा दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांनी ग्रंथही लिहिला नव्हता आणि कुणाला काही विचारलंही नव्हतं. मास्तरांना ते फार लागलं. तरी पुढे दर रविवारी ते वही घेऊन खेडी पालथी घालत. लोक म्हणत, मास्तरांचं डोकं फिरलं. दुसऱ्या वर्षी तापाने गेले, ग्रंथ अर्धाच राहिला.

बातमी सांगायला मी बेळगुंदीला गेलो. गंगूने सूप खाली ठेवलं आणि ती ढसाढसा रडली. एकदाच तर भेटलेला माणूस! मी म्हटलं, "एवढं काय गं?"

"आण्णा," ती म्हणाली, "तुला काय वाटतंय म्हणून मला त्यांनीच पयल्यांदा इचारलं. माझं लगीन ठरलं तवाबी कुणी इचारलं न्हवतं."

ते लग्न मीच ठरवलं होतं.