पिस्टनच्या माथ्यावरची कणीक

मेहरूणला आमच्या घरासमोर आबा राहतात. केळीच्या बागा मुलांवर सोपवून ते शहरात आले आणि आल्या आल्या त्यांनी नवीकोरी मोटारसायकल घेतली. माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, मोटारसायकल माझ्याहून वयाने मोठी. दर संकष्टीला दोघं आपापल्या गाडीवर पद्मालयाला जायचे, नानांच्या मागे मी. एरंडोल सुटलं की चढावर आबा आम्हाला मागे टाकत आणि देवळाजवळच्या टपरीवर वाट बघत बसत. आम्ही पोचलो की म्हणत, "नाना, तुमचा चहा दोनदा गरम करायला लावला."

नाना बशीत ओतून चहा पीत. त्यांचं सगळं आयुष्य धुळ्याच्या एका वर्कशॉपात टर्नर म्हणून, लेथवर लोखंड कातण्यात गेलेलं. एकदा परतताना ते हळूच मला म्हणाले, "माय, इंजिन उघडायचं का? पण बाहेरून तस्संच ठेवायचं. टाकीचा गंजसुद्धा पुसायचा नाही."

मला एवढंच हवं होतं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचं सगळं आपल्यालाच कळतं असा माझा समज. सिलिंडर झिजलेला होता; तो मोठा करून त्यात मोठा पिस्टन बसवायचा, एवढं ठरलं. कोणता, ते मी नेटवर शोधलं. दुसऱ्याच गाडीसाठी बनवलेला, माथ्यावर चांगला उंच घुमट असलेला पिस्टन मला सापडला. घुमटामुळे दाब वाढतो, दाब वाढला की ताकद वाढते. व्यास हवा तेवढा, पिस्टन अडकवायची पिनही आपल्याच मापाची. नानांना न विचारता मागवला आणि पार्सल त्यांच्यापुढे ठेवलं.

नानांनी तो हातात फिरवला, माझ्याकडे बघितलं. "छान आहे," एवढंच म्हणाले. धुळ्याला जुन्या सोबत्याच्या लेथवर त्या व्यासाचा सिलिंडर करून आणला. इंजिन जोडायला बसले आणि मला म्हणाले, "आईकडून कणकेचा गोळा आण."

मला वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी पिस्टनच्या माथ्यावर तेलाचं बोट फिरवलं, त्यावर कणीक थापली, वर हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, कसलं आणि इंजिन हाताने सावकाश दोन फेरे फिरवलं. शेवटी जरा अडल्यासारखं झालं. हेड उघडलं, तर कणकेत एका बाजूला आरपार भोक.

"हे काय?"

"व्हॉल्व्ह. तो इथे तुझ्या घुमटाला टेकतोय. गाडी चालू केली असती, तर व्हॉल्व्ह वाकला असता. स्थळ बघताना नुसता रंग बघून चालतं का? उंचीही बघायची. पिनेपासून माथ्यापर्यंत याची उंची जास्त आहे."

"तुम्हाला आधीच दिसलं होतं!"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"गणिताच्या बाईंना कोण शिकवणार?"

तेवढ्यात आई आली. कणकेचा काळा चपटा गोळा बघून तिने विचारलं, "ही पोळी कुणाच्या ताटात वाढू?" नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मारवाडी, गिऱ्हाइकाशी खानदेशीतच बोलणारा. पहिलाच खोका पुढे सारत म्हणाला, "नाना, हाऊ पिस्टन बठ्ठास्ले बसस," म्हणजे सगळ्यांना बसतो.

"तुन्ही जीभ बठ्ठास्ले बसस, पिस्टन नही," नाना म्हणाले आणि त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला.

सहा खोके उघडले. व्यास, पिन, पिनेपासून माथ्याची उंची, व्हॉल्व्हसाठी माथ्यावर कोरलेले खड्डे. मी वहीत लिहीत होते आणि दुकानदार गल्ल्यावर रुमालाने मान पुसत होता. सहावा जमला. त्याचा घुमट बेताचा, खड्डे खोल. घरी पुन्हा कणीक लावली. या वेळी सगळ्यात पातळ जागी दोन मिलिमीटर उरली, म्हणजे व्हॉल्व्ह टेकत नव्हता. नानांनी ती पट्टीवर ठेवून मला दाखवली.

नवं इंजिन आम्ही महिनाभर सावकाश चालवलं; किक जड लागायची, म्हणून घरून गाडी ढकलूनच सुरू करायचो. मग संकष्टी आली. एरंडोलनंतर आबा नेहमीसारखे पुढे सरसावले आणि नानांनी मूठ पिळली. मागे मी त्यांचा सदरा गच्च धरला. आबांच्या शेजारून जाताना त्यांचं तोंड उघडं राहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

आबा टपरीवर आले आणि त्यांनी आमच्या गाडीभोवती दोन चकरा मारल्या. गंज तोच, फाटकी सीट तीच. "नाना, काय केलं?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "रोज कणीक घातली."

आबांना ते खोटं वाटलं, यात नवल नाही.

निघताना मात्र फजिती झाली, कारण टपरीपाशी गाडी ढकलायला जागा नव्हती. दाब इतका वाढला होता, की नानांच्या किकने इंजिन फिरेना, उलट किकने त्यांचाच पाय वर भिरकावला. आबांनी प्रयत्न केला, त्यांची चप्पल हारवाल्याच्या टोपलीत जाऊन पडली. शेवटी मी किक हळूच दाबून पिस्टन त्याच्या सगळ्यात वरच्या जागेच्या जरासा पुढे नेला, पूर्ण वजन टाकलं आणि गाडी सुरू झाली.

पुढे रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मला नानांची गाडी अशीच किक मारून सुरू करून द्यावी लागायची. पंधरा दिवसांनी नानांनी गुपचूप हेडखाली जरा जाड गॅस्केट, म्हणजे मधला पत्रा, घातलं. दाब उतरला, किक हलकी झाली, वेगही थोडा कमी झाला. आबांना हे आम्ही अजून सांगितलेलं नाही. ते हल्ली चढाच्या आधीच गाडी बाजूला घेतात आणि आम्हाला हात करतात, तुम्ही व्हा पुढे.