कुलूप माझं, खोली मावशींची

अलिबागच्या मुलींच्या शाळेत बदली झाल्याचं कळलं, तेव्हा मी माणगावात शिकवत होते. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून मे महिन्यातच खोली बघायला गेले. दिवसभर आळी-आळीतून फिरले. जिथे तिथे एकच प्रश्न, "यजमान काय करतात?" लग्न झालेलं नाही, एकटीच राहणार, असं म्हटलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची.

उन्हं कलली तेव्हा बाजारात एका भिंतीच्या सावलीला टेकले. समोर मासळी विकत बसलेल्या पन्नाशीच्या कोळीणबाई मघापासून माझ्याकडे बघत होत्या.

"बाय, सकालपासून फिरतीस. कुनाचं घर शोधतीस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पाटी सुनेच्या हवाली केली आणि मला कोळीवाड्यात घेऊन गेल्या. अंगणाच्या कडेला एक सुटी खोली होती. धाकट्या मुलासाठी बांधलेली, पण तो मुंबईला गोदीत कामाला लागला होता. खोली लख्ख सारवलेली होती आणि खिडकीतून वारा येत होता.

"मावशी, मी जूनमध्ये येते. तोवर कुणाला देऊ नका," असं म्हणून मी विसार द्यायला पिशवी उघडली.

"त्यो नको. तुजं कुलूप आन आनि लाव. कोनी इचारलं त दाखवाया बरं."

मी बाजारातून कुलूप आणून लावलं आणि चावी घेऊन माणगावला परतले.

जून उजाडला, पण माझ्या जागी येणाऱ्या मास्तरांचा पत्ता नव्हता. ते येईपर्यंत हेडमास्तर मला सोडेनात. शेवटी कोर्टाच्या कामाला अलिबागला निघालेल्या शेजाऱ्यांकडे निरोप दिला, माझं लांबतंय, कुलूप तोडा आणि खोली दुसऱ्याला द्या. ते परत आले ते हसतच. "त्या बाई ऐकत नाहीत. म्हणाल्या, कुलूप हाय तवर खोली तिची."

दिवाळीनंतर एकदाची मी पोचले. बघते तर मावशींच्या घरावर अर्ध्या भागात कौलं आणि अर्ध्यात माडाच्या पानांची विणलेली झापं. माझं सामान लावता लावता सुनेनं सांगितलं. श्रावणातल्या वादळात माड घरावर पडला. तान्ह्या पोराला घेऊन सगळी भिजत अंगणात आली. तिच्या नवऱ्यानं या खोलीचं कुलूप फोडायला दगड उचलला, तर सासूनं हात धरला. महिनाभर सगळी मावशींच्या दिराच्या पडवीत दाटीवाटीनं राहिली.

मला बसवेना. मावशी अंगणात जाळं नीट करत होत्या.

"मावशी, कुलूप फोडायचंत. मी तसा निरोपही धाडला होता, नाही थोडीच म्हटलं असतं?"

"न्हाय म्हनली नसतीस, ठाव हाय माला," त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "पन निरोप दुसऱ्याच्या तोंडचा, तू हितं नव्हतीस. इचारायचं कुनाला?"

त्यांच्या बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता, आणि थोरल्या मुलाच्या मनातही अढी दिसली नाही. त्यानंच माझी ट्रंक उचलून आत आणली होती. एका अनोळखी बाईच्या शब्दाला कुणी इतकं जपलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात घर नीट कौलारायला काढलं, तेव्हा मीच हट्टानं सगळ्यांना माझ्या खोलीत आणलं. बाळ माझ्या पलंगावर झोपायचं. मावशी मात्र रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर थांबून विचारायच्या, "बाय, येऊ का?" मी हो म्हटल्याशिवाय त्यांनी कधी आत पाऊल टाकलं नाही. पुढे माझी पालीला बदली झाली, तोपर्यंत मी त्याच खोलीत राहिले, आणि इतक्या वर्षांत दुसरी जागा बघावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.