मामासाठी आणलेलं गोड पाणी

रविवारी वंदना झाली की विहारातला पुढचा अर्धा तास माझा असायचा. मामाच्या गावातल्या बायकांनीच ते ठरवलं होतं. पोरगी नांदुऱ्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आहे, घरी नुसती बसण्यापेक्षा आपल्याला काही सांगेल, एवढा साधा विचार. विषय कुठलाही चालायचा. ग्रहण कसं लागतं, नकाशात दिशा कशी ओळखायची, विमा म्हणजे काय. मी लहान मुलांच्या इंग्रजी पुस्तकांतून वाचायची, न्हाणीघरात मराठीत बोलून बघायची, आणि तरीही उभी राहिले की नजर सतरंजीच्या पट्ट्यांवरून उठायची नाही.

"मॅडम, इकडं पाहून सांगा," पुढे बसणारी एक काकू म्हणायची. "थ्या सतरंजीले ग्रहण समजून काय फायदा?"

मी संग्रामपूरजवळच्या या गावात आले होते ती मामासाठी. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला खामगावला जावं लागे आणि मामी दर वेळी मजुरी बुडवू शकत नव्हती. डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पाणी मोजूनच प्यायचं. जास्तीचं पाणी बाहेर पडत नाही, ते अंगात साचतं, मग छातीत चढतं, आणि त्यानेच माणूस जातो. मामीने एक लहान बाटली ठरवून टाकली होती. दिवसभराचं पाणी तेवढंच.

पण हा सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. मामाला या पाण्यानेच धरलं, असं गावात प्रत्येकाचं मत होतं. त्यामुळे त्याला भेटायला येणारं कुणी नारळ किंवा बिस्किटं आणत नसे. सगळे गोड पाणी आणत. सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांचे नातेवाईक होते ते तिथल्या विहिरींचं पाणी आणत, बाकीचे विकतच्या कॅनमधलं. "या पान्यानं आतलं समदं धुऊन निंघते," असं म्हणत आणलेला माणूस स्वतःच्या हाताने पेला भरून द्यायचा आणि रिकामा होईपर्यंत समोर बसायचा. मामा प्यायचा. तहान तर त्याला चोवीस तास लागलेलीच असायची.

एका संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्याला श्वास घेता येईना. खामगावला पोचेपर्यंत गाडीत तो ताठ बसून होता, कारण आडवं होताच येत नव्हतं. परत आल्यावर मी त्याला विचारलं, नाही का म्हणत नाहीस?

"कोनाले नाई म्हणू?" तो म्हणाला. "माह्या आज्यानं लोकाइच्या विहिरीवर ओंजळ धरून वरून टाकलेलं पानी पेलं. आता कोनी घरी येऊन आपल्या हातानं गिलास भरून देते, अन् मी त्याले वापस करू?"



मामी मला मोरीजवळ घेऊन गेली. "मी बोलली त म्हणतीन, घरवालीच पानी देत नाई. तू रविवारी सांगतंच ना बाई सगळं. हे बी सांग."

म्हणून त्या रविवारचा विषय किडनी होता. मामा शिंपी होता. आयुष्यभर मशीनवर बसलेला. त्याला त्या दिवशी भिंतीशी खुर्ची दिली होती. मी घरून दोन चहाच्या गाळण्या नेल्या होत्या. एक स्वच्छ. दुसरीत चोथा आणि भिजवलेली कणीक दाबून बसवलेली. पहिली पेल्यावर धरून पाणी ओतलं, ते खाली गेलं. दुसरीत ओतलं, ते वरच थांबलं. मी ओतत राहिले. पाणी काठावरून सांडलं आणि सतरंजीवर पसरलं.

"गोड पाणी असलं तरी असंच होतं," मी म्हणाले. "गाळणी बंद आहे. पाणी कुठलं, याने फरक पडत नाही."

काकूने विचारलं, "मंग थे पानी जाते कुठी?"

"पायात. पोटात. शेवटी छातीत."

सगळ्यांनी एकदम मामाच्या पायांकडे पाहिलं. सुजून चपलेत मावत नव्हते ते. त्याने ते हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

त्यानंतर पाणी यायचं थांबलं. सूज थोडी उतरली, मामीच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. मग हळूहळू माणसंही यायची थांबली. रिकाम्या हाताने आजाऱ्याच्या दारात कसं जायचं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि दुसरं काय न्यायचं हेही. रस्त्यावरूनच हात वर करून "जय भीम" म्हणत आणि पुढे जात.

"तू चांगलं समजावलं," मामा एकदा ओट्यावर बसून म्हणाला. "सगळ्याइले समजलं."

फक्त त्याची म्हातारी आत्या यायची, पायथ्याच्या गावाहून एसटीने. तिच्या पिशवीत बाटली असायचीच. ती मामाच्या हातात द्यायची. तो ती थंड बाटली गालाला लावून बसायचा. दोघं पिकापाण्याचं बोलायचे, आणि निघताना ती बाटली परत पिशवीत टाकायची. "पाह्य वं," ती मला म्हणायची, "एक थेंब नाई देल्ला. मोज पाह्यजे त."

मामा पुढच्या उन्हाळ्यात गेला. पाण्याने नाही, हृदय थांबलं. नीट पाळलं तरी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मामाच्या नावाने पाणी द्यायच्या जलदान विधीला अंगण भरलं. रस्त्यावरून हात करणारे सगळे आले होते, आणि बहुतेकांच्या हातात कॅन होते. जेवणाला गोड पाणी कमी पडू नये म्हणून. भिंतीला कॅनची रांग लागली. मामाच्या फोटोसमोर ताटात एक वाटी ठेवली होती. भन्तेजींचं पठण चालू असताना मामीने तांब्यातून तिच्यात धार धरायची होती, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. पाणी आत्याने आणलेलं होतं.

वाटी अर्धी झाली आणि मामी थांबली. तांब्या तसाच तिरपा, धार बंद. कुणाला कळेना. मला कळलं, पण मी नेहमीसारखी सतरंजीकडे बघत राहिले.

आत्या सरकत तिच्याजवळ गेली आणि तांब्याच्या बुडाला हात लावला.

"ओत, माय," ती म्हणाली. "आता काई होत नाई."