चारशे कोटींचं चूलबंद आवतण

आमच्या महाडच्या टॉकीजचा डोअरकीपर दत्ताराम याच्याइतका सिनेमावर जीव टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याच्याइतके कमी सिनेमे पाहिलेलाही. उभी हयात काळोखात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवण्यात गेली. सिनेमा कसा आहे ते त्याला बाहेर पडणाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं. खेळ सुटला की मालक सुहासशेठ त्यालाच विचारत, "काय रे, काय म्हणतात?" दत्ताराम ऐकलेलं जसंच्या तसं सांगे, आणि त्यावर सिनेमा ठेवायचा की काढायचा ते ठरे.

अलीकडे मात्र बाहेर पडायला माणसंच नसत. पोस्टरवर चारशे कोटींचा सिनेमा आणि आत चार टाळकी. त्यातलं एक झोपायला आलेलं.

मी शाळामास्तर. प्रत्येक गोष्टीचं कारण सांगायची मला खोड आहे. मी दत्तारामला सांगितलं, "अरे, एमआयडीसीतली पोरं पाळी सुटली की बसमध्येच मोबाइलवर सिनेमा उरकतात. ट्रेलरमध्येच सगळी मारामारी दाखवतात, मग तीन तास बसायचं कशाला? पैसा सगळा धुरात आणि हीरोच्या दाढीत. गोष्टीला उरतंय काय?"

त्यानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मास्तर, कारन येकच. आवतान नाय."

"पोस्टर लावलेत की गावभर!"

"पोश्टर भितीला लावतात. मानसाला सांगावं लागतं. तुमी गेलाव कदी कुनाच्या लग्नाला, बोलावल्याबिगर?"

मी हसलो. शिकलेल्या माणसाला हसण्याची घाई फार.

पुढच्या आठवड्यात शेठनी निर्वाणीचं सांगितलं. नवा चारशे कोटींचा लागतोय, रविवारचा दुपारचा खेळ भरला तर ठीक, नाहीतर टॉकीजला कुलूप. दत्तारामचं तोंड उतरलं. त्यानं रिक्षावर भोंगा बांधला आणि पोलादपूर, वरंध, शिवथर अशी गावं पालथी घातली. शेठनी लिहून दिलेलं "भव्य, दिव्य, नेत्रदीपक" तो ओरडून ओरडून थकला, पण कुणी मान वर करीना. तेव्हा त्यानं भोंगा बंद केला, खाली उतरला आणि स्वतःच्या अकलेनं घरोघर उंबऱ्यावर सुपारी ठेवत सुटला. "रविवारी दुपारी आमच्या टाकीजात यायचं हां. शेठचं चूलबंद आवतान हाय!"

रविवारी मी सहज डोकावलो, तर टॉकीजसमोर ही गर्दी! टेम्पोतून, एसटीतून, मोटारसायकलवर तिघं तिघं, अख्खी घरंच्या घरं उतरत होती. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, म्हातारे नव्या टोप्यांत. तिकीट कोणीच मागत नव्हतं. खिडकीत बसणाऱ्या नूतनच्या पुढ्यात मात्र नारळ आणि टॉवेल-टोपीचा ढीग लागला होता. लोकांनी आहेर आणला होता.

वरंधच्या आनंदीबाई शेठना म्हणाल्या, "सकालपास्नं चूल पेटवली नाय हो. पोरं नुसत्या च्यावर हायेत. पंगत कुठं बसवताय?"

शेठनी दत्तारामला कोपऱ्यात ओढलं. "चूलबंद आवतण म्हणजे काय, कळतं का तुला?"

"कळतं की. घरातल्या समद्यांनी यायचं."

"आणि घरात चूल का पेटत नाही त्या दिवशी?"

दत्तारामनं आ वासला. "आयला! जेवान इसरलो."

शेठ खूप तडकले, पण तेही इथल्याच मातीतले. दारात आलेला पाहुणा उपाशी परत पाठवायचा म्हणजे पुढल्या पिढीपर्यंत लोक नावं ठेवणार. गाड्या लावायच्या जागेत चुलाणं पेटली. भात, वालाचं बिरडं आणि बाजारातून आणलेली बुंदी. आग्रह करकरून पंगती उठल्या, आणि मग बऱ्याच उशिरानं एकदाचा सिनेमा सुरू झाला.

हाउसफुल्ल! दत्ताराम आनंदानं नुसता नाचायचा बाकी होता. पडद्यावर शहरं कोसळत होती, जहाजं उडत होती. खाली तुडुंब पोटांनी म्हातारे घोरत होते, पोरं आयांच्या मांडीवर कलंडली होती, आणि माझ्या मागच्या रांगेत दोन बायकांचं कुणाची सून कुणाची मावसबहीण लागते ते चाललं होतं. ते मला पडद्यावरच्यापेक्षा चटकन समजलं. हीरो नेमका कुणावर चिडलाय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खेळ सुटला. दत्ताराम दारात कान टवकारून उभा राहिला.

"बिरडं ब्येस झालं रे, दत्ताराम."

"बुंदी लय ग्वाड."

आनंदीबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "भातात मीठ जरा कमी होतं. पन जेवलो हो पोटभर."

माणसं संपली. सिनेमाचं नाव कुणीच काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला चाललं असतं. तेवढ्यात शेठ आले. भरलेलं थेटर बघून त्यांच्या डोळ्यांत किती दिवसांनी आशा दिसत होती.

"काय रे, काय म्हणतात?"

एक थाप मारली असती तर टॉकीज निदान दिवाळीपर्यंत तरली असती. मी शेठच्या पाठीमागून डोळे मोठे करून त्याला खुणावलं, मार थाप, गाढवा! त्यानं माझ्याकडे बघितलं, बाजूला जाऊन सुपारी थुंकली आणि परत आला.

"मालक, जेवान ठेवा. शिनेमा काढा."

मला त्याचा संताप आला. आणि त्याचं ते तोंड बघून त्याच्यावर रागावताही येईना, म्हणून आणखी संताप आला.

शेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हॉल लग्नकार्याला देऊ. माणसं येतील. दारात तूच उभा राहा, तुझ्यासारखं आवतण कुणाला जमतंय?"

दत्तारामनं मान हलवली. मग शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"ऱ्हातो, मालक. पन लग्नात काळोख नसतो वो."