जयम्माच्या घरचे तीन उपास

जयम्मा दारावर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. गॅसची टाकी आणणारा, समोरच्या घरची सून, पत्ता चुकून आलेला माणूस, सगळ्यांना तोच. दोनच शब्दांचा प्रश्न. तो मला कळला नाही, आणि त्यापायी एक धडधाकट बाई अंथरुणाला खिळली.

माझं गाव सिन्नरच्या बाजूला. नवरा गेल्यावर तेरा वर्षं मी दिराच्या घरात काढली. गोठा केला, शेतात राबले, त्यांची पोरं वाढवली. तरी ताटावर बसले की जाऊ म्हणायची, ‘बसली आयतं गिळायला.’ पुढे माझा मुलगा सुनील बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लागला. आनेकलला त्याने खोली घेतली आणि मला म्हणाला, ‘आई, आता तू माझ्याकडे चल.’ मी दोन पिशव्या भरल्या. निघताना जावेला तोंडावर सांगितलं की मेले तरी या घरात परत येणार नाही. म्हणजे परतीचं दार मीच लावून घेतलं होतं.

जयम्मा ही सुनीलची घरमालकीण. साठीची असेल. ठेंगणी, काळीसावळी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, गालांना हळद, केसांत जुनं झालं तरी न काढलेलं फूल. तिचा नवरा मुनियप्पा कारखान्यावर वॉचमन होता, बोलायचा कमी. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. सुनीलची खोली माडीवर होती आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना, उभाच्या उभा. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तशी जयम्माने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि सुनीलला काहीतरी सुनावलं. तो हसायला लागला.

‘काय म्हणते?’ मी विचारलं.

‘म्हणते, आईला या जिन्यावर चढवणार असशील तर आधी मला चढवून दाखव. मी पंधरा वर्षांत वर गेलेली नाही. तू खाली तिच्याकडेच राहायचंस म्हणते.’

दुसऱ्याच दिवशी सुनीलला कंपनीने आठ दिवसांच्या ट्रेनिंगला चेन्नईला पाठवलं. जाताना म्हणाला, ‘बिनधास्त राहा. बाई फार चांगली आहे.’

‘अरे, पण भाषा?’

‘हाताने बोल. तू तशीही हातानेच बोलतेस.’

पहिल्या रात्री जयम्माने नाचणीचा उकडलेला गोळा वाढला, त्यावर पालेभाजीचं सार. ‘स्वल्प, स्वल्प,’ म्हणजे थोडंसं, असं म्हणत ती वाढायची आणि ताटात मुठीएवढा दुसरा गोळा पडायचा. मी चावायला लागले तर दातांना चिकटला. तिने गालावर बोट ठेवून मान हलवली आणि तो नुसता गिळायचा असतो हे करून दाखवलं. दोघी हसलो. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

ती सकाळी फुलांच्या माळा घेऊन बसस्टँडजवळ विकायला जायची आणि दोनच्या सुमाराला यायची. जाताना माझं जेवण झाकून ठेवायची. पहिल्या दिवशी मी जेवले, भांडं घासलं आणि जरा पाठ टेकली. ती आली. दारातूनच माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘ऊटा आय्ता?’

मला ऐकू आलं, ऊठ, आयता. मी पडलेली होते, तिचं खाऊन पडलेली होते, आणि ती मला ऊठ म्हणत होती. वर आयता. हसत म्हणाली याचा मला जास्त राग आला. जाऊ निदान तोंड वाकडं करून म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून अंगण झाडलं, हंडे भरले, फरशी पुसली. ती नको नको म्हणत राहिली, मी ऐकलं नाही. ती गेल्यावर झाकलेलं ताट गल्लीतल्या गाईला घातलं. दोन वाजता ती आली तेव्हा मी उभी राहून तिच्या साड्या वाळत घालत होते. तरीही तेच, ‘ऊटा आय्ता?’ मग गॅसवाला आला. त्याच्याशी बोलतानाही मला तेच शब्द ऐकू आले. मला वाटलं, आता परक्या माणसाला माझी तक्रार सांगते आहे.

सुनीलला फोन करून विचारता आलं असतं. विचारलं नाही. आपला अपमान झाला हे मुलाला सांगायचं म्हणजे आणखी एक अपमान.

संध्याकाळी ती समोर बसून वाढायची, तेव्हा गाय उपयोगाची नव्हती. मी ताटावर हात आडवा धरला आणि ‘उपास’ म्हणाले. हा शब्द तिला कळला. ‘उपवासा?’ तिने डोळे मोठे करून विचारलं. दूध आणलं, केळं आणलं. मी पाणी तेवढं घेतलं. तिसऱ्या दिवशीही उपास, चौथ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तर ती शेजारच्या दोन बायकांना मला दाखवायला घेऊन आली. त्या माझ्या पाया पडल्या. पोटात कावळे ओरडत होते आणि मी त्यांना आशीर्वाद देत होते.

पाचव्या दिवशी सकाळी मी पिशव्या उचलल्या. कुठे जाणार हे ठरलं नव्हतं. स्टेशनवर बसेन, सुनील येईपर्यंत एखाद्या देवळात राहीन, असं काहीतरी डोक्यात होतं. जयम्मा पायरीवर माळा ओवत होती. मी तिच्यासमोरून निघाले. तिने काहीतरी विचारलं, मी मान वळवली नाही. बस उभी दिसत होती. मागून ‘अक्का, अक्का’ अशी हाक आली, मग पावलांचा आवाज, मग धप्प झालं.

मी आधी बसकडे बघितलं. मग मागे फिरले.

गटारावरची फरशी हलती होती, तिच्यावरून जयम्माचा पाय घसरला होता. अनवाणी आली होती. हातातला प्लास्टिकचा डबा उघडून लिंबाचा भात रस्त्यावर सांडला होता. मला थांबवायला नव्हती धावत आली. बाई प्रवासाला निघाली, उपास सुटला की खाईल, म्हणून डबा द्यायला आली होती. पडल्या पडल्या ती भात गोळा करत होती.

मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलेलं. अपघात विभागात बायका-पुरुष एकत्रच, शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते, त्यांची बायको सावित्रीअक्का त्यांच्या उशाशी बसलेली होती. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, पण घरात मराठी टिकलेली. पाच दिवसांनी मला माझ्या भाषेतलं माणूस भेटलं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात जयम्माने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘ऊटा आय्ता?’

माझा तोल गेला. ‘बघा,’ मी म्हणाले, ‘हाड मोडलं तरी मला आयतखाऊ म्हणायचं काही सोडत नाही.’

सावित्रीअक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘अवो, काय बोलता? ऊटा म्हंजे जेवण. आय्ता म्हंजे झालं का. जेवलात का म्हणून विचारते ती तुम्हाला. हितं सगळेच विचारतात. आमच्या घरीसुद्धा जेवलात का असं कोण म्हणत नाही, ऊटा आय्ता म्हणतो.’ मग म्हणाल्या, ‘स्वल्प पाणी प्या. तुमचं तोंड उतरलंय.’

मी पाणी प्याले आणि खालच्या कँटीनमध्ये जाऊन दोन इडल्या खाल्ल्या. रडले वगैरे नाही. भूक फार लागली होती.

ऑपरेशन झालं, पण तिला साखरेचा आजार होता. जखम भरेना. ती पुन्हा उभी राहिली नाही. मुलगी आली, पंधरा दिवस राहिली, तिच्या घरी तान्हं मूल होतं म्हणून गेली. सुनील म्हणाला, ‘आई, दुसरी खोली बघू का? तुला हे सगळं करावं लागतं.’ मी म्हटलं, ‘तुला बघायची तर बघ. मी इथेच आहे.’ त्याला कारण सांगितलं नाही.

नऊ महिने मी तिचं सगळं केलं. अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं. ती पडून माळा ओवायची. धाग्याचं टोक धड पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि बोटं अशी चालायची की बघत राहावं. ओवता ओवता मला कन्नड शिकवायची. मी भाजी चिरायला घेतली की नाव विचारायची, चुकलं की फूल फेकून मारायची. माझं कन्नड ऐकून मुनियप्पासुद्धा तोंडावर हात धरून हसायचा. तिची शिस्त मात्र होती. ताटात शीत राहिलेलं तिला चालायचं नाही. ‘अन्न हाळू माडबारदु,’ अन्न वाया घालवू नये, हे ती मला, नवऱ्याला आणि खिडकीतल्या कावळ्यालाही सांगायची. हे ऐकलं की मला ती गाय आठवायची.

भाषा कळायला लागली तसं एक नको ते कळलं. भेटायला आलेल्या बायका विचारायच्या, ‘कशी पडलीस गं?’ आणि जयम्मा त्यांना सांगायची, ‘ही अक्का माझ्या घरी तीन दिवस व्रताला बसली होती. पारणं न करता उंबऱ्याबाहेर गेली. मी वेळेवर ताट पुढे केलं नाही. देवाने बघितलं.’ प्रत्येकीला हेच. सांगताना आवाज खाली जायचा. मुनियप्पाने व्रताच्या शांतीसाठी देवळात नारळ फोडले. पाय जाण्याचा दोष ती स्वतःवर घेऊन बसली होती, आणि व्रत तर नव्हतंच.

मी सहा महिने गप्प बसले. मग वाटलं, हे तिच्या डोक्यावरून उतरवलं पाहिजे. खरं लिहायचं तर मलाही हलकं व्हायचं होतं. एका दुपारी तिचे केस विंचरताना मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. माझ्या भाषेत आयता म्हणजे काय, जाऊ काय म्हणायची, मी काय ऐकलं. व्रत नव्हतं, राग होता. ‘देवाने काही केलं नाही,’ मी म्हणाले. ‘मी केलं.’

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. किंवा हसेल, गोष्ट तशी हसण्यासारखीही होती. ती मान वळवून म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही उपाशी होता?’

‘हो.’

‘तीन दिवस? माझ्या घरात?’

पायाचं नाव तिने काढलंच नाही. देवासाठी केलेला उपास तिला समजत होता. आपल्या घरात पाहुणी रागाने उपाशी राहिली, आपण रोज विचारलं आणि तिच्याकडे नीट बघितलं नाही, हे तिला सहन झालं नाही. ती तोंडावर पदर घेऊन रडली. इस्पितळात हाड बसवतानाही रडली नव्हती. त्यानंतर भेटायला येणाऱ्या बायकांना ती व्रताचं सांगेनाशी झाली. हे सांगू लागली. मी तिच्यावरचा खोटा दोष काढायला गेले आणि त्याच्या जागी खरा वाटेल असा दुसरा ठेवला. सांगायला नको होतं. काही गोष्टी सांगणाऱ्याच्या पोटातच राहिलेल्या बऱ्या. हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं, म्हणजे उपयोग संपल्यावर.

पाठीला जखमा झाल्या, ताप उतरेना. शेवटचे काही दिवस ती मला ओळखायची, बाकी कुणाला धड ओळखत नव्हती. माझा हात धरून म्हणायची, ‘तप्पाय्तु, अक्का.’ माझं चुकलं. मी तिला सांगायचे की तुमचं नाही, माझं चुकलं, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. उत्तर मिळेपर्यंत ती हात सोडायची नाही.

शेवटी मी म्हणायला लागले, ‘इरली बिडी.’ असू द्या. ते ऐकलं की तिला झोप लागायची. ती गेली त्या दिवशीही सकाळी मी तिला माफ केलं होतं.