मास्तरांनी शालोम घेतलं न्हाई

मंगळवारी सकाळी मी दुकानाच्या पायरीवरनं हाक मारली, "शालोम, मास्तर!" मास्तरांनी माझ्याकडं एकवार बघितलं, मान खाली घातली आन चालाय लागले. उत्तर न्हाई. एकोणीस वर्सांत पहिल्यांदा. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यादेखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तर म्हंजे एलिझर झिराडकर. घाटनांदूर टेशनावर तारेचं काम करायचे. रिटायर झाले, पन गाव सोडलं न्हाई. धर्मानं यहुदी, बेने इस्राएल म्हनतात त्यांना. मूळ गाव कोकणात, त्यामुळं मराठी आपल्यापेक्षा चोख. बायको हितं यायच्या आदीच वारलेली. एकुलती लेक रिबेका लग्न होऊन तिकडं इस्राएलला गेलती. आख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या धर्माचं दुसरं मानूस न्हाई. त्यांच्या रीतीनं कापनारं कोन न्हाई म्हनून मटन सोडलेलं. आमी लिंगायत, आमच्या चुलीवर कदी अंडंसुद्धा चढलं न्हाई. त्यामुळं गावात ते फक्त आमच्या घरी जेवायचे. सणाला माझी बायको नीलाबाई त्यांचं ताट आदी वाढायची आन माझं मागनं. मी कदी बोललो न्हाई. बोललो, पन हळू.

रोज सकाळी पाव न्यायला आले की म्हनायचे, "शालोम आलेखेम, अप्पा." मी म्हनायचं, "आलेखेम शालोम." मग मी आमचा लिंगायतांचा नमस्कार, "शरणु" म्हनायचं आन त्यांनी "शरणार्थी". मग दोघांनी दोन्ही हात पुढं करायचे, एकमेकांचे हात हातात धरायचे, सोडायचे आन आपली बोटं आपल्या ओठाला लावायची. हिला हातबोशी म्हनतात. त्यांच्या देवळात म्हनं प्रार्थना सांगनारा म्हातारा सुरू करतो आन बाकावरनं बाकावर, पार शेवटच्या मानसापर्यंत ती जाते.

"इथं सुरू करणारा मीच आणि शेवटचे तुम्ही, अप्पा," असं म्हनून हसायचे.

एकदा मी इचारलं, "शालोम म्हंजे रामरामच की वो?"

"नाही अप्पा. शालोम म्हणजे शांती. पण शांती म्हणजे नुसतं भांडण नसणं नव्हे. माणूस पुरा असणं, कुठं काही उणं नसणं. मी शालोम म्हणतो तेव्हा तुमचं काही मोडलेलं नसो असं मागतो. आणि दिलेलं शालोम जो परत देत नाही, त्याला आमच्यात लुटारू म्हणतात."

आता सांगा. हे मला शिकवनारा मानूस चार गिऱ्हाइकांसमोर माझं शालोम परत न देता तसाच निघून गेला. मला लुटलं की!

पन खरं सांगायचं तर मीच भ्यालो व्हतो. कारन मला ठावं व्हतं, चूक माझीच. त्या साली टेशनाजवळ पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ निघालता. रिबेकाचा फोन दर रविवारी तिथं यायचा. त्या रविवारी मास्तर दोन तास बसले, फोन आला न्हाई. मग येऊन माझ्या पायरीवर बसले आन एकच धोशा, फोन का आला नसेल, अप्पा, का आला नसेल? मी शांपूच्या पुड्यांच्या माळा टांगत व्हतो, एजन्सीवाला डोक्यावर बसलेला. माझं टाळकं फिरलं. म्हनलं, "एवढा जीव अडकलाय तर जा की तिकडंच! हितं कशापायी बसलाव?"

ते उठले आन गेले. सोमवारी पाव न्यायला आले न्हाईत. मंगळवारी हे असं. म्हंजे मनात धरलंच. एवढ्या वर्सांचं मानूस एका वाक्यापायी हातचं गेलं, असं वाटलं. तवा जाऊन पाय धरायचे का न्हाई? पन न्हाई, माझा, ह्या मन्मथप्पाचा तोरा! चारचौघांत अपमान केला ना, मग त्यानंच यावं.

तो आठवडा मी कसा काढला माझं मला ठाऊक. साखर मागितली तर रवा बांधून दिला. पोत्यावर बसलो की उठावं वाटायचं, उठलो की बसावं वाटायचं. कुना गिऱ्हाइकानं मास्तरांचं नाव काढलं की वसकन ओरडायचो, पुढचं ऐकूनच घ्यायचो न्हाई. बुधवारी मुद्दाम त्यांच्या घरावरनं गेलो आन मोठ्यानं खोकलो. दार उघडं व्हतं. आत मास्तर खाली फरशीवर बसलेले. बाजूला खुर्ची रिकामी. सदऱ्याची गळपट्टी फाटून लोंबत व्हती. मी मनात म्हनलं, नाटकं! कुनाला दावतो हे?

घरी नीलाबाईला सांगितलं. ती म्हनली, "जावा की, इचारून या."

"मी कशापायी जाऊ?"

"मग मी जाते ताट घिऊन. यकटं मानूस, शिजवलं का न्हाई कुनाला ठावं."

"गेलीस तर बघ!" मी म्हनलं. आन ती गेली न्हाई. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय. ती निघाली व्हती, मी अडवली.

रविवारी दुपारी केशरबाई दुकानात आली. दवाखान्यातली नर्स, ख्रिस्ती. आठ दिवस पोलिओच्या ट्रेनिंगला बीडला गेलती. सकाळी आंबेजोगाईला प्रार्थना करून, मास्तरांकडं जाऊन मग माझ्याकडं आली. एरवी "सलाम अप्पा" म्हनल्याबिगर पायरी चढत न्हाई. त्या दिवशी चढली आन एकदम म्हनली, "तुमी मास्तरांकडं एकदाबी गेला न्हाईत?"

"त्यांनी माझं शालोम घेतलं न्हाई! मला इचारनारी तू कोन?"

"रिबेका वारली, अप्पा. मंगळवारी सकाळी बूथवर जावयाचा फोन आलता."

माझ्या हातातलं माप खाली पडलं.

"तिथनंच ते येत व्हते, तुमी हाक मारली तवा. त्यांच्यात मयतीची खबर कळली की गळपट्टी फाडतात. सात दिवस खाली बसतात. आन त्या दिवसांत कुनाला शालोम म्हनत न्हाईत, कुनी म्हनलं तर घेत न्हाईत. पुरेपन कुठनं आनायचं त्यांनी?"

आमच्यात सुतक पाळत न्हाईत, मला ह्यातलं काय ठाऊक? असं मी म्हननार व्हतो. पन फाटका सदरा तर मला दिसला व्हता ना. सुतक न पाळनाऱ्यालाबी डोळे असतात.

"आता कुठल्या तोंडानं जाऊ, केशरबाई?"

तिनं पिशवी खाली ठिवली. "आज आमच्यात प्रभुभोजन व्हतं. भाकर घ्यायच्या आदी शेजारच्याचा हात धरून शांती द्यावी लागती. कुनाशी बिनसलं असंल तर दान तिथंच ठिव, आदी जाऊन मिटव आन मग ये, असं लिहिलंय आमच्या पुस्तकात. आन येशू मेल्यावर परत आला, तवा दारं लावून बसलेल्या शिष्यांत येऊन उभा राहिला. पहिलं काय म्हनला? तुम्हास शांती असो. सगळी त्याला टाकून पळालेली मान्सं व्हती ती. चार शिव्या देता आल्या असत्या त्याला."

"मी पळालो न्हाई," मी म्हनलं.

तिनं पिशवी उचलली. जाताना येवढंच सांगितलं, "तिथं शालोम म्हनू नका. आन आपन आदी बोलायचं न्हाई. ते बोलले तरच."

मी! सकाळी उठल्यापासनं ज्याचं तोंड मिटत न्हाई तो मी!

नीलाबाईनं भाकरी केल्या, मसुराची आमटी केली. करताना पदरानं डोळे पुसत व्हती आन माझ्याकडं बघत नव्हती. मी डबा घेऊन गेलो. दार उघडंच व्हतं. मास्तर तसेच फरशीवर. मी चपला काढल्या आन समोर भिंतीला टेकून बसलो. त्यांनी बघितलं, बोलले न्हाईत. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. टेशनात मालगाडी आली आन निघून गेली. घशाशी पन्नास वाक्यं आलती, एकबी काढता येईना.

बऱ्याच वेळानं ते म्हनले, "लहान असताना रिबेका प्लॅटफॉर्मवर उभी राहून मालगाडीचे डबे मोजायची. एखादा चुकला की रडायची, गाडी परत बोलवा म्हणायची." मग थांबून म्हनले, "रविवारी फोन का आला नाही ते कळलं. ती दवाखान्यात होती."

मला धरवेना. "मास्तर, मी त्या दिवशी लई वंगाळ बोललो. तिकडंच जा म्हनलो. माफ करा मला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कधी?" म्हनले.

त्यांच्या ध्यानातच नव्हतं. जे त्यांनी मनात धरलं म्हनून मी आठवडाभर तोरा मिरवला, ते त्यांच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

मी डबा उघडून पुढं सरकवला. ते भाकरीकडं बघत राहिले. "आमच्यात दुःखातलं पहिलं जेवण घरचं खात नाहीत, अप्पा. ते शेजाऱ्यानं आणायचं असतं. मंगळवारी मी दुपार टळेपर्यंत दार उघडं ठेवून बसलो होतो."

"मग?"

"मग स्वतःच भात टाकला. म्हटलं, लग्नसराई आहे, अप्पांच्या दुकानात गर्दी असेल."

पौष चालू व्हता. पौषात आपल्याकडं लग्नं लागत न्हाईत हे त्यांना माझ्याएवढंच ठाऊक व्हतं. मी भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली आन भिंतीकडं तोंड करून रडलो.