दणकोबाचे हेडफोन

पत्रेवाल्यांच्या गल्लीत गुपित टिकत नाही. तिथली माणसं चहाडखोर आहेत असं कुणी समजू नये. ती फक्त बहिरी आहेत. जन्मभर पत्र्यावर हातोडा आपटला की कान एक दिवस रामराम ठोकतातच. मग माणूस ओरडून विचारतो, समोरचा ओरडून सांगतो आणि मधल्या सगळ्यांना आपोआप कळतं. "सासूबाईंचं पोट आज तरी साफ झालं का?" हा प्रश्न भर दुपारी या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि उत्तरही तितक्याच मोकळेपणाने परत येतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

अशा गल्लीतही ज्याच्या आवाजाने लोक दचकत, तो दणकोबा. झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या, तेलाची नरसाळी, दारावर लावायच्या टपालपेट्या असं काय काय तो करायचा, आणि सुंदर करायचा. डावा कान जवळजवळ गेलेला. उजवा अर्धामुर्धा शाबूत, पण त्यात एक बारीक शिट्टी दिवसरात्र वाजत असायची. तिला तो 'भाडेकरू' म्हणायचा. भाडं देत नाही आणि जागाही सोडत नाही.

त्याच्या एकुलत्या एका लेकीला सगळे ठिणगी म्हणत. ती लहान असताना शाळा सुटली की दप्तर फेकून दुकानात यायची आणि बापासमोर बसून पत्रा धरायची. एवढ्या गोंगाटात तोंडाने बोलून उपयोग नाही, म्हणून पत्रेवाल्यांची ठोक्यांची बोली असते. पत्र्यावर एक ठोका म्हणजे 'थांब'. दोन ठोके म्हणजे 'धरलंय'. समोरच्याने दोन ठोके दिल्याशिवाय कुणी हातोडा उचलत नाही, कारण पत्रा नीट धरलेला नसला तर तो उसळतो आणि बोट कापतो. ठिणगीचे दोन ठोके ऐकले की दणकोबा डोळे मिटून हातोडा मारायचा.

मग ती शिकली आणि दूरच्या शहरात एका कचेरीत नोकरीला लागली. दणकोबाला तिचा फोन कानाला लावून ऐकू यायचा नाही. नुसतं गुंगुं व्हायचं. म्हणून तो फोनचा स्पीकर लावायचा. आणि स्पीकर लावला की लेक एका बापाशी नव्हे, अख्ख्या गल्लीशी बोलायची.

गेल्या वर्षी तिने सहज विषय काढला होता. "बाबा, एक मुलगा आहे. अजून काही ठरलं नाही, पण…"

पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. समोरचा कुलूपवाला तिथूनच ओरडला, "आधी पगार विचार त्याला!" हा गृहस्थ दिवसभर कुलुपं विकायचा, पण स्वतःच्या तोंडासाठी एकही राखून ठेवलं नव्हतं. शेजारची बादलीवाली म्हणाली, "दात कसे आहेत त्याचे?" पलीकडून कुणीतरी उंची विचारली. ठिणगीने फोन ठेवला. त्या मुलाचं पुढे काही जमलं नाही. ते गल्लीमुळे नव्हतं, पण त्यानंतर तिचं बोलणं आटलं. "मी बरी आहे, बाबा. तुम्ही बरे ना? ठेवते." बस्स, एवढंच.

बाकीचं सगळं ती आईशी बोलायची. आई फोन घेऊन वरच्या स्वयंपाकघरात जायची, दार लावायची आणि बऱ्याच वेळाने लाल डोळ्यांनी किंवा हसऱ्या तोंडाने बाहेर यायची.

"काय म्हणाली?" दणकोबा विचारायचा.

"बरी आहे म्हणाली."

"एवढा वेळ बरी आहे म्हणत होती?"

बायको भांडी आवरायला लागायची. दणकोबाला हे फार लागायचं. पोरीने आपल्या समोर बसून पत्रा धरला, आणि आता तिच्या आयुष्यातलं आपल्याला उष्टंमाष्टंसुद्धा मिळत नाही, हे त्याला सहन होईना. शेवटी त्याने ठरवलं: हेडफोन घ्यायचे. लेकीचा आवाज आपल्या कानात, आणि गल्लीच्या कानात बोळे.

आधी तो कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी श्रवणयंत्राचं नाव काढलं आणि किंमत सांगितली. ती मात्र त्याला एका फटक्यात ऐकू आली. "तेवढे पैसे जमेपर्यंत हेडफोन घ्या," बाई म्हणाल्या, "पण कान झाकणारे घ्या, आत खुपसायचे नकोत. बाहेरचा गोंगाट अडला की आतला आवाज कमी ठेवून चालतं. मोठ्याने ऐकलंत तर उरलेला कानही जाईल. आणि काका, मी इथेच बसलेय, ओरडू नका."

एवढं ऐकूनही गडी रस्त्यावरच्या टोपलीतून स्वस्तातले कानात घालायचेच घेऊन आला. स्वभावाला औषध नाही. ते एक तर कानातून गळून पडायचे, नाहीतर बसले की आत ठणकायचं, आणि ऐकू यावं म्हणून आवाज शेवटापर्यंत चढवला की भाडेकरू चवताळून उठायचा. कुलूपवाल्याने मोठ्या मनाने आपले हेडफोन दिले. त्याच्या मुलाने पाठवलेले, चकचकीत, दिवे लागणारे. ते डोक्याला चिमट्यासारखे बसले, चष्म्याच्या काड्या कानामागे रुतल्या, आणि आतून नुसतं धबधब धबधब. ढोल ऐकायला ते ठीक होते, पण दणकोबाने ढोल आयुष्यभर फुकट ऐकला होता.

शेवटी तो बायकोला घेऊन बाजारातल्या एका लहान दुकानात गेला. दुकान एक तरतरीत बाई चालवायच्या.

"गाणी ऐकायचीत का, काका?"

"नाही. लेक ऐकायचीय!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला आवाजच येत नाही, की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत?"

दणकोबा बायकोकडे बघायला लागला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "आवाज येतो," तो म्हणाला, "शब्दाचं तोंड दिसतं, शेपूट दिसत नाही. शेपूट मी अंदाजाने लावतो."

"आणि चुकीची लावतात," बायकोने भर घातली.

बाईंनी महागड्या खोक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खालच्या फळीवरून एक साधा, राखाडी रंगाचा हेडफोन काढला. हलका, कानांवर कापडी गाद्या, आणि तोंडापाशी येणारी माइकची काडी. "हा दिसायला काही खास नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारी माणसं हा वापरतात. गाणं यात बेताचंच वाजतं, पण बोलणं स्वच्छ येतं."

"तक्रारी ऐकायचा? मग एक हिलाही द्या," दणकोबा म्हणाला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

गाद्या मऊ होत्या, पण चष्म्यावर थोडा दाब पडत होता. दणकोबाने तो काढला, डोक्यावरची पट्टी बोटांनी चाचपली आणि त्याचे डोळे चमकले. आत पोलादी पत्ती होती. "बाई, जरा वाकवू का?" बाई नको म्हणायच्या आत त्याने दोन्ही अंगठे आतून टेकवून पत्ती हळूहळू, जन्मभराच्या सवयीने, केसभर सैल केली. बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पुन्हा डोक्यावर चढवला तर तो असा बसला की आहे की नाही कळेना.

मग बाईंनी त्याच्या फोनमध्ये काहीतरी खालीवर केलं, जाड आवाज उतरवला, बारीक चढवला, जास्तीचा भार उजव्या कानाकडे दिला. दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन त्यांनी आपल्या फोनवरून त्याला फोन लावला आणि अगदी साध्या आवाजात खोक्यावरचा मजकूर वाचायला लागल्या. "हे उपकरण पाण्यापासून दूर ठेवावे. लहान मुलांच्या हाती देऊ नये."

दणकोबा स्टुलावर बसला होता. त्याला 'ठेवावे'मधला शेवटचा 'वे' ऐकू आला. 'नये'मधला 'ये' ऐकू आला. शब्दांना शेपट्या होत्या! उपकरण पाण्यापासून दूर ठेवावे हे ऐकून आजवर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसेल, पण दणकोबाच्या आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही. किंमतही ऐकवेल अशी होती.

त्याच संध्याकाळी दुकानात बसून, डोक्यावर हेडफोन चढवून त्याने लेकीला फोन लावला. गल्ली कामं सोडून बघत होती.

"बाबा, ऐकू येतंय?" ठिणगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. म्हणजे बदलला नव्हता. इतकी वर्षं तो त्याला अर्धाच माहीत होता.

"येतंय! सगळं येतंय! बोल!"

"स्पीकर बंद आहे ना?"

"बंद आहे! बोल की!"

"मी ना, बाबा, घर बदललं."

"काय? घर बदललंस?" दणकोबाने गल्लीच्या दोन्ही टोकांना कळवलं.

"का बदललं?" कुलूपवाला ताबडतोब ओरडला.

"भाडं वाढलं असेल," बादलीवाली म्हणाली.

इथे सगळं मुसळ केरात गेलं. कान झाकले होते, पण तोंडाचं काय? कान झाकल्यावर तर त्याला स्वतःचा आवाजही कमी ऐकू येऊ लागला, म्हणून तो आणखीच मोठ्याने बोलत होता. ऐकलेला शब्द पुन्हा म्हणून बघायची बहिऱ्या माणसाची सवय. ती काही विकत घेतलेल्या वस्तूने जात नाही. तिकडे ठिणगी गप्प झाली. आता ती 'ठेवते' म्हणणार, हे त्याला कळलं. घाईघाईने काहीतरी सांगायला त्याने ती काडी तोंडाजवळ ओढली आणि त्याचं जाडजूड नख तिच्यावर दोनदा आपटलं. टक टक.

पलीकडे ठिणगी खळखळून हसली. "बाबा! काय धरलंय तुम्ही?"

दणकोबाही हसायला लागला.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "आता तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मी बोलते, तुम्ही नुसतं ठोका. जमेल?"

टक टक.

आणि ती बोलायला लागली. वर्षभराचं तुंबलेलं होतं, ते वाहायला लागलं. घर का बदललं ते तिने सांगितलं. नव्या जागेला खाली एक खोली आहे, रस्त्यावर उघडणारी, म्हणून. नोकरी सोडली, म्हणून. त्या खोलीत तिने पत्र्याचे दिवे करायला घेतले होते, भोकाभोकांच्या शेड असलेले. कातर, हातोडा, झाळायचं सामान सगळं आणलं होतं. दोन दिवे लोकांनी मागूनही ठेवले होते. कचेरीतल्या खुर्चीत बसून तिला रोज तिसऱ्या प्रहरी पत्र्याचा वास आठवायचा, असं ती म्हणाली.

दणकोबाचा हात हवेतच राहिला. ही पोर गोंगाटाला कंटाळून गेली, असं तो इतकी वर्षं समजून चालला होता.

"आईला अजून सांगितलेलं नाही," ठिणगी म्हणाली. "ती काळजी करत बसेल. थोडा जम बसला की मीच सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगितलं." मग तिचा आवाज एकदम लहान झाला, पण त्याला तो शेपटासकट ऐकू आला. "बाबा, मला भीती वाटतेय. नाही जमलं तर?"

समोर कुलूपवाला पुढे झुकून बसला होता. बादलीवालीच्या हातातली लाकडी मोगरी थांबली होती. दणकोबाच्या छातीत इतकं काही दाटलं होतं की ओरडला असता तर गल्लीच काय, शेजारचा मोहल्लाही जागा झाला असता. त्याने ओठ घट्ट मिटले, काडीवर नख टेकवलं आणि सावकाश, एकेक ठोका मोजून मापून दिला.

टक. टक.

तिकडूनही दोन ठोके आले. ते नखाचे नव्हते. हातोडीचे होते, कोऱ्या पत्र्यावरचे, बारीक आणि लखलखीत. कोऱ्या पत्र्याचा हा आवाज दणकोबा रोज स्वतःच्या हाताने काढत होता आणि त्याला तो ऐकू येऊन कित्येक वर्षं झाली होती.

मग त्याला राहवलंच नाही. "आधी कानांना लावायला घे!" तो गरजला. "जाड गाद्यांचं! हातोडा मागाहून!"

"घेतलंय, बाबा," ती रडत हसत म्हणाली. "तुमची लेक आहे, पण बहिरी व्हायचं नाहीये मला."

फोन संपला. कुलूपवाला अर्ध्या रस्त्यात आलाच होता. "काय रे, पोरीचे कान दुखतात का? आणि नखाने तीनदा धरलंय धरलंय ठोकताना पाहिलं, ते काय धरलंयस?" ठोक्यांची बोली अख्ख्या गल्लीला येत होती, हे दणकोबा विसरलाच होता. पण दोन ठोक्यांतून तेवढंच कळतं. कुणीतरी धरलंय, एवढंच. काय धरलंय ते ज्याच्या समोर पत्रा असतो त्यालाच ठाऊक.

दणकोबाने हाताशी असलेल्या झारीवर हातोड्याचा एक ठोका दिला. थांब. कुलूपवाला भर रस्त्यात थांबला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत आपल्या कुलुपांत जाऊन बसला.

वरून बायको जिना उतरून आली. तिने नवऱ्याच्या डोक्यावरचा हेडफोन पाहिला, ओले डोळे पाहिले, ओसंडून चाललेला चेहरा पाहिला. "अहो, काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणाली," दणकोबा म्हणाला, आणि ते तो इतकं हळू म्हणाला की बायकोला कानामागे हात धरून पुन्हा विचारावं लागलं, "काय?"